काचेवरचा ठिपका

ठिपका नखाने निघेना. कृपाने आधी अंगठ्याचं नख लावून पाहिलं, मग करंगळीचं – करंगळीचं हलकं म्हणून, स्क्रीनला ओरखडा नको म्हणून – आणि मग ओढणीचं टोक तोंडाच्या वाफेने ओलसर करून ती जागा पुसली, तरी तो तिथेच, पाच आणि आठ या दोन आकड्यांच्या मधोमध, खालच्या अंगाला, मोहरीएवढा, काळा. तिला वाटलं होतं, हे सिंधूबाईंचंच काम. खंडेनवमीला कॅन्टीनच्या सिंधूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन ऑफिसभर फिरतात, प्रिंटर, पंखे, पाण्याचं मशीन, कशालाही सोडत नाहीत, आणि कृपाच्या टेबलाशी आल्या की दरवर्षी न चुकता थबकतात, "ताई, तुमच्या कम्पुटरला लावू का? चालंल ना तुमच्यात?" – आणि कृपा दरवर्षी न चुकता म्हणते, "लावा की. तो कुठे चर्चला जातो?" मग दोघी हसतात. ते हसणंही आता पूजेतच धरलं जात होतं. यंदाचं कुंकू स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात अजून होतं, थोडं पुसट, लाल. पण हा ठिपका काळा होता. तिने माउसचं चाक फिरवलं, पान वर सरकलं, आणि पानाबरोबर ठिपकाही वर गेला.

म्हणजे तो काचेवर नव्हता, पानात होता.

पान भांडगावहून आलं होतं. तिथे, सोलापूर रस्त्यापासून जरा आत, बबनरावांचं लहानसं वर्कशॉप आहे. तिथे पोलादाचे बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या पोकळ नळ्या, होतात, ते रांजणगावला कृपाच्या कारखान्यात येतात, आणि प्रत्येक लॉटबरोबर तपासणीचा एक रिपोर्ट येतो – हाताने भरलेला, मग स्कॅन केलेला, पीडीएफ करून मेलने पाठवलेला. व्यास इतका, लांबी इतकी, हार्डनेस म्हणजे पोलादाचा कडकपणा इतका. असे रिपोर्ट आसपासच्या कितीतरी वर्कशॉपांतून रोज यायचे, आणि ते उघडायचे, वाचायचे, त्यातले आकडे कारखान्याच्या सिस्टिममध्ये टाइप करायचे, हे कृपाचं काम – लग्न होऊन ती दौंडहून शिरूरला आली आणि कंपनीच्या बसमध्ये चढली तेव्हापासूनचं. कंटाळवाणं काम, असं सगळे म्हणत. तीही म्हणायची, कारण आवडतं असं म्हटलं तर लोक चमत्कारिक नजरेने बघतात.

मग गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या ऑफिसातल्या रश्मी मॅडमनी विचारलं, कृपा, तू प्रोग्रामिंग शिकतेयस ना ऑनलाइन, मग हे टाइप करायचं काम प्रोग्रामकडूनच का नाही करून घेत? आणि तिने करून घेतलं. कुठल्याशा परदेशी कंपनीची एक लायब्ररी मिळाली – लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, आपण आपल्या प्रोग्राममध्ये आणून बसवायचा – तिच्या हातात पीडीएफ दिली की ती ते पान दूर कुठल्यातरी कॉम्प्युटरकडे पाठवते, मग दाराशी उभी राहून विचारत राहते, झालं का? ... झालं का? ... आणि झालं की पानावरचे शब्द, आकडे, रकाने, सह्या सगळं निवडून परत आणते, आणि प्रत्येकाबरोबर एक जास्तीचा आकडा: हे मी वाचलं, आणि इतक्या खात्रीने वाचलं. एक म्हणजे पूर्ण खात्री, शून्य म्हणजे अजिबात नाही. कृपाला हे फार आवडलं होतं. माणसं आपलं बोलणं असं खात्रीसकट हातात देत नाहीत. रॉनीला, तिच्या नवऱ्याला, तिने कौतुकाने हे सांगितलं तेव्हा तो भाजी निवडता निवडता म्हणाला होता, "म्हणजे ज्या खुर्चीवर बसलीस तिचेच स्क्रू काढतेयस." आणि मग, तिचं तोंड बघून, "बरं बरं, काढ. पण एक एक काढ."

आजचा शुक्रवार चाचणीचा शेवटचा दिवस. सोमवारपासून प्रोग्राम स्वतःच सगळे रिपोर्ट वाचणार होता. आकडा बसला तर लॉट आत, नाही बसला तर लॉट बाजूला आणि वर्कशॉपला नकाराचा मेल, मध्ये कुणी बघायची गरज नाही. किती खात्री असली की मग माणसाने बघायला नको – तेवढाच एक आकडा कृपाने दुपारी रश्मी मॅडमना सांगायचा होता. आणि कृपाचं पुढे काय, तिने इथे काय करायचं, ते 'सोमवारनंतर बघू' असं मॅडम म्हणाल्या होत्या. बघू. या शब्दाकडे ती गेले कित्येक दिवस बघत होती.

आणि आज, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, प्रोग्रामने भांडगावचा लॉट नाकारला होता. हार्डनेस ५.८. खात्री ०.९६.

पाच पूर्णांक आठ... एवढ्या मऊ पोलादाचा बुश करण्यापेक्षा गुळाचा केलेला बरा. भांडगावला हे रिपोर्ट हाताने भरणाऱ्या धुरपदाने अठ्ठावन्न लिहिलं होतं, स्वच्छ अठ्ठावन्न, मध्ये हा कुठून आलेला ठिपका. चाचणी नसती, आज सोमवार असता, तर नकाराचा मेल भांडगावला पोचलासुद्धा असता, गेटवर आलेला टेम्पो परत फिरला असता, आणि बबनराव डोक्याला हात लावून बसले असते. कृपाने हे सगळं एका क्षणात बघितलं आणि – आणि तिला आनंद झाला.

कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत आनंद. ती उठून पाणी प्यायली. परत येऊन बसली, तो तसाच होता. चुकलं! ज्याने मला उठवायचं तेच चुकलं, आणि वर शहाण्णव टक्के खात्रीने चुकलं. तिला शाळेतली मॉनिटर आठवली, नेहमी पहिली येणारी, आणि ती एकदाच पाढा चुकली तेव्हा मागच्या बाकावर पसरलेली ती गोड कुजबुज. मग लगेच वाटलं, पण हे चुकणारं तर माझंच आहे, मीच रात्री जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून त्याला एक एक गोष्ट शिकवली, रकाना कुठे सुरू होतो, सही कुठे असते. आपलं पोर दुसऱ्यांच्या देखत पडलं म्हणून हसणारी आई कशी असेल? आणि तरी हसू येत होतं. मी अशी आहे का? – तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तराची घाई केली नाही, कारण दुसरं पान उघडायचं होतं.

दुसऱ्या पानावरही ठिपका होता. तिसऱ्यावरही. कुठे तो पाच आणि आठच्या मध्ये होता, कुठे आठच्या पुढे, एका पानावर तर रकान्याच्या रिकाम्या जागेत एकटाच बसला होता. तिने पानं भराभर उलटायला सुरुवात केली, पुढे, मागे, परत पुढे, आणि मग दिसलं – ठिपका हलतच नव्हता. आकडे जरा इकडे, जरा तिकडे, जसा धुरपदाचा हात पडेल तसे, आणि त्यांच्यामध्ये तो एका जागी गप्प. म्हणजे तो धुरपदाच्या पेनातून आलेला नाही, कागदावर नाहीच तो. स्कॅनरच्या काचेवर आहे, आणि काचेवर पालथं पडलेलं प्रत्येक पान त्याला भेटून जातंय.

शेवटच्या पानाशी प्रोग्रामने आणखी एक गंमत करून ठेवली होती. सह्या: दोन. कृपाने डोळे बारीक केले. भांडगावच्या रिपोर्टवर एकच सही असते, खाली डावीकडे, धुरपदाची, 'धु' आणि पुढे लांब ओढलेली रेघ. दुसरी सही प्रोग्रामने वर उजव्या कोपऱ्यात दाखवली होती. तिने तो कोपरा मोठा केला, आणखी मोठा केला. करड्या रंगाची, एका बाजूने दुमडलेली, कडा फाटलेली, आत बारीक शिरा असलेली...

झेंडूची पाकळी. प्रोग्रामने झेंडूच्या पाकळीला सही म्हटलं होतं.

कृपा एकटीच, तोंडावर हात ठेवून, हसली. कुंकू! भांडगावच्या माणसांनी खंडेनवमीला स्कॅनरची पूजा केली, झाकण उघडून थेट काचेलाच कुंकू लावलं, वर फूल ठेवलं, आणि काल दसऱ्याची सुट्टी घेऊन आज सकाळी फूल उचलून कामाला लागले. स्कॅन काळापांढरा, त्यामुळे लाल काय आणि काळं काय. ज्या परदेशी माणसांनी ती लायब्ररी लिहिली त्यांनी सगळ्याचा विचार केला असेल – वाकडं पान, चुरगळलेलं पान, चहाचा डाग – पण यंत्राच्या कपाळाला कुंकू लावतात हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नसेल.

आनंद आता वेगळा झाला होता. आधीचा कडक होता, दातात धरण्यासारखा. हा मऊ होता, यात धुरपदा होती, जिला कृपाने कधीच पाहिलं नव्हतं आणि तरी जी तिला चांगली ठाऊक होती: सहा आकड्याचं पोट मोठं काढणारी, आठवड्याच्या शेवटी जिचे आकडे उजवीकडे कलतात, जिचं पेन एका पावसाळ्यात निळ्याचं हिरवं झालं आणि मग पुन्हा निळं. मध्ये काही दिवस रिपोर्टवर दुसरंच अक्षर येत होतं, टोकदार, घाईचं, आणि कृपाला चुकल्यासारखं होत राहिलं, बाई आजारी आहे की सोडून गेली. मग एका सोमवारी ते मोठ्या पोटाचे सहा परत आले तेव्हा तिने डब्यातला लाडू सिंधूबाईंना दिला होता, कशाबद्दल ते न सांगता. हे सगळं तिच्या कामात कुठे बसतं? प्रोग्राम लिहिताना तिने रकान्यांना नावं दिली – व्यास, लांबी, हार्डनेस, सही – त्यात याला रकाना नव्हता.

दौंडच्या यार्डात पप्पा चालत असत. हेन्री साळवे, नंबर टेकर – रेल्वेत असं एक काम होतं, मालगाडी यार्डात येऊन थांबली की इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत कडेकडेने चालत जायचं, प्रत्येक डब्यावर रंगवलेला नंबर वाचायचा, हातातल्या पाटीवर लिहायचा, आणि तो कागद ऑफिसात नेऊन द्यायचा. उन्हात गिट्टी तापलेली, पावसात पाटीवरचा कागद भिजू नये म्हणून छत्री पाटीवर आणि डोकं उघडं. मग कॉम्प्युटर आले. मागच्या स्टेशनवरून गाडीची यादी गाडीच्या आधीच येऊन पोचायला लागली, आणि पप्पांना ऑफिसात खुर्ची मिळाली. तेव्हा कृपा शाळेत होती. घरात कुणी रडलं वगैरे नाही, आई तर म्हणाली, चला, बुटांचे पैसे वाचले. पण कृपाला आतून फार वाटायचं की त्या कॉम्प्युटरने चुकावं, एकदा तरी, सगळ्यांसमोर.

आणि तो चुकला होता. एका गाडीच्या यादीत एक डबा होता आणि गाडीत तो नव्हता. वाटेत चाक तापलं म्हणून तो कुठल्याशा स्टेशनावर काढून ठेवला होता आणि यादीतून काढायचा राहिला होता. पप्पांना ते कळलं, कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं तरी ते त्या गाडीच्या कडेने चालत गेले होते. ऑफिसात मोठा हशा झाला, हेन्रीने कॉम्प्युटरला हरवलं म्हणून यार्डमास्तरांनी चहा पाजला, आणि ही गोष्ट घरी पप्पांनी नाही, शेजारच्या माणसाने सांगितली. कृपा दारात उभी राहून वाट बघत होती, पप्पा कसे येतील, छाती काढून येतील का, आणि ते नेहमीसारखेच आले, बूट काढले, गिट्टीची धूळ झटकली, आणि विचारलं, आज कालवण कशाचं? तिचा तेव्हा किती हिरमोड झाला होता. इतकी वर्षं झाली, तो हिरमोड अजून कुठेतरी पडून होता, आज सकाळी कानाच्या पाळ्या गरम झाल्या त्या कदाचित त्याच्यामुळेच...

तिने भांडगावला फोन लावला. मेल करता आला असता. पण फोनच लावला.

"हॅलो, कोन बोलतंय?" मागे मशीनचा आवाज होता.

"रांजणगावहून कृपा बोलतेय. रिपोर्ट बघते ती."

"अगंबाई, तुमी व्हय! मी धुरपदा. मेलवर नाव बगते की तुमचं रोज." मशीनपासून दूर गेल्यासारखा आवाज जरा स्पष्ट झाला. "काय चुकलं का मॅडम?"

"तुमचं काही नाही चुकलं. खंडेनवमीला स्कॅनरची पूजा केली होती का?"

"केली की. मशीनच हाय त्ये बी."

"झाकण उघडून?"

"शेठ झाकनावरच लावत हुते. म्या म्हनलं, काम तर आतली काच करतीय, वरच्या झाकनाला लावून काय उपेग? म्हनून काचंला लावलं, आन् फूल ठिवलं."

कृपाला यात खोट काढता येईना. काम काच करते हे खरंच होतं. तिने ठिपक्याचं सांगितलं, अठ्ठावन्नाचं काय झालं ते सांगितलं, आणि धुरपदा इतक्या जोरात हसली की मागचं कुणीतरी विचारू लागलं काय झालं. मग हसणं थांबलं.

"पन मॅडम, काल तर दसरा झाला. आज लगीच पुसायचं म्हंजी..."

ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलीने दुसऱ्याच्या देवाचं कुंकू पुसा म्हणून सांगणं कृपाच्या जिभेवर येत नव्हतं. पुसू नका म्हणणंही शक्य नव्हतं. तिने कोपऱ्यातल्या सिंधूबाईंच्या कुंकवाकडे पाहिलं, जे गेले दोन दिवस कुणाच्याच वाटेत येत नव्हतं.

"कडेला घेता येईल का? काचेच्या अगदी कडेला, जिथे कागद पोचत नाही तिथे?"

"व्हय, व्हय. तसं करते. मधलं पुसते आन् कडंला लावते. म्हंजी त्येची पूजा बी ऱ्हायली आन् तुमचं काम बी झालं." धुरपदाला हे पटलं होतं, आवाजच मोकळा झाला. "लगी परत पाठिवते सगळी पानं." मग, फोन ठेवता ठेवता, "मॅडम, एक इचारू का? सोमवारपासनं तुमी न्हाई, कम्पुटर वाचनार म्हनत्यात. खरं का?"

"हो. म्हणजे... हो."

"मग म्या अक्षर कुनासाठी नीट काढू?"

हसतच विचारलं होतं तिने. उत्तराची वाटही न बघता फोन ठेवला, मशीन बोलावत असणार. एवढी वर्षं कृपाला वाटत होतं की पलीकडची बाई आपल्याला ठाऊक आहे आणि पलीकडे आपल्याबद्दल काहीच ठाऊक नाही. पण ते पोट सुटलेले सहा तिच्यासाठी होते तर! कुणीतरी वाचणार म्हणून नीट काढलेले.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला, आणि पप्पांना फोन लावला. हा रोजचाच फोन. आई गेल्यापासून पप्पा दौंडला एकटे राहतात, रुळांपासून जवळच, आणि फोन उचलला की हॅलो म्हणत नाहीत.

"आज किती डबे गेले?" पप्पा म्हणाले. डबे म्हणजे तिचे रिपोर्ट.

"भरपूर. पप्पा, तुम्ही जेवलात का?"

"जेवलो. कृपा नावाची एक गाडी आज लेट झाली, तवर थांबलो न्हाई."

तिने कुंकवाची गोष्ट सांगितली, पाकळीची सही सांगितली, पप्पा मनापासून हसले, खोकले, परत हसले. मग तिने जे कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "पप्पा, तो एक डबा यादीत जास्त होता, आठवतं? तुम्ही कॉम्प्युटरला हरवलंत तो. त्या दिवशी आनंद झाला होता का तुम्हाला?"

"झाला की. का व्हनार न्हाई?" पलीकडून गाडी जात असावी, तिचा धडधडाट फोनमधून आला आणि गेला. "चहा संपस्तवर झाला. मग वाटलं, उद्या ते चुकलं न्हाई तर? परवा न्हाई चुकलं तर? आपन काय, त्येच्या चुकीची वाट बघत बसायचं व्हय? तसं बसलो तर डबे बघायचे ऱ्हातील."

"पण तुम्ही तर तरीही चालत जायचात. कुणी सांगितलं नसताना."

"मग! लिहायचं गेलं त्ये बरंच झालं बाई, पावसात पाटी भिजायची. चालायचं कुनी थोडंच नेलं हुतं? कुठलं कुठलं गाव लिवलेलं असायचं डब्यांवर... कोळशाचा वास, मिठाचा वास. रिटायर व्हईस्तवर चाललो." आणि मग, आवाज बदलून, "तू जेव आधी. भाकरी वाळंल."

भाकरी वाळली नव्हती, पण ती हळूहळू जेवली. दारातल्या त्या मुलीला, जी छाती काढून येणाऱ्या बापाची वाट बघत होती, आज इतक्या वर्षांनी कुणीतरी आत बोलावलं होतं. ती बापाला हरताना बघायला तयार नव्हती, म्हणून तिला तो जिंकलेलाच हवा होता. आणि तो दोन्हीतलं काहीच करत नव्हता, तो डबे बघत होता. मला का नाही कळलं तेव्हा? पण तेव्हा कळण्यासारखं नव्हतंच ते, आजही ते पुरतं कळलंय अशी तिला खात्री नव्हती. किती खात्री? तिने मनाशीच आकडा लावून पाहिला आणि तिचं तिलाच हसू आलं.

दुपारी रश्मी मॅडम स्क्रीनवर आल्या. कृपाने ठिपक्याचं पान दाखवलं, पाकळी दाखवली, आणि ठरवल्याप्रमाणे आवाजात विजय येऊ दिला नाही. खरं तर यायलाच आता फारसा उरला नव्हता.

"स्कॅनरच्या काचेला कुंकू!" मॅडम हसून हसून खुर्चीत मागे रेलल्या. मग गंभीर झाल्या. "पण कृपा, ०.९६ म्हणजे... आपण साधारण ०.९० धरून चाललो होतो. हा नकार आपोआप गेलाच असता. मग काय, सोमवारचं थांबवायचं का?"

हीच ती जागा होती. थांबवा म्हटलं की थांबलं असतं. एक महिना, दोन महिने, मग दिवाळी, मग कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं, आणि कृपा आपल्या जागी, आपल्या टाइप करण्यात, सुरक्षित. सकाळच्या त्या कडक आनंदाला हेच हवं होतं. तिने त्याला शोधलं, आणि तो होता, नव्हता असं नाही, पण चहा संपला होता.

"नको, थांबवू नका," ती म्हणाली. "वाचू दे त्याला. टाइपही करू दे. आकडे बसले तर लॉट आत घेऊ दे. पण नकाराचा मेल आपोआप नको. त्याच्या आधी ते पान कुणीतरी उघडून बघायचं."

"खात्री कितीही असली तरी?"

"कितीही असली तरी. आणि बरोबर आलेल्यांतलीही रोज थोडी पानं बघायची. अशीच."

"अशीच म्हणजे?"

"म्हणजे चूक आहे म्हणून नाही, मॅडम. पलीकडे माणसं लिहितात. त्यांना ठाऊक असावं की कुणीतरी बघतं."

रश्मी मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. त्यांना पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "विचार करते," त्या म्हणाल्या. "पण मग बघणार कोण? मी तर तुला पुण्याला घ्यायचं म्हणत होते. अजून बरेच रिपोर्ट आहेत असे, बाकीच्या कारखान्यांचे. तू पुण्याला आलीस तर भांडगावची पानं कोण बघणार?"

पुणे. म्हणजे 'बघू'च्या आत हे होतं. कृपाला आनंद झाला तर कशाचा झाला ते निवडता येईना, आणि लायब्ररी उभी असते तशी रश्मी मॅडम दाराशी उभ्या होत्या, झालं का... झालं का...

"कृपा, म्यूटवर आहेस का?"

"नाही, मॅडम. इथेच आहे."

"सोमवारी सांग. घाई नाही."

स्क्रीन बंद झाली. बाहेर पहिल्या पाळीची माणसं बसकडे चालली होती, कुणीतरी दसऱ्याचं सोनं म्हणून खिशात राहिलेली आपट्याची पानं एकमेकांवर उडवत होतं. रॉनीला सांगितलं तर तो काय म्हणेल? म्हणेल, बघ, स्क्रू काढता काढता दुसरी खुर्ची केलीस. आणि धुरपदा काय म्हणेल? तिला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

मेल आला. भांडगावहून, तीच पानं, पुन्हा स्कॅन केलेली. प्रोग्रामने ती आपणहून उचलली, पाठवली, झालं का झालं का केलं, आणि निकाल पुढे मांडला. हार्डनेस अठ्ठावन्न. एकोणसाठ. अठ्ठावन्न. सही: एक. सगळं बसलं होतं, लॉट आत गेला होता, आणि कृपासाठी करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

तिने पहिलं पान उघडलं. पाच आणि आठच्या मधली जागा रिकामी होती, आणि तिला क्षणभर त्या ठिपक्याची उणीव वाटली. व्यासाच्या रकान्यात एक सहा होता, पोट नेहमीपेक्षा जरा जास्तच सुटलेलं – सणाचं जेवण अंगी लागलंय बाईंच्या, ती मनात म्हणाली. आज शुक्रवार, त्यामुळे खालच्या ओळीतले आकडे उजवीकडे कललेले. चूक कुठे आहे का, हे ती बघत नव्हती. गाडी यार्डात उभी होती, आणि अजून बरेच डबे बघायचे होते.

तिने दुसरं पान उघडलं.